दलदलीतील बनिप : एका दंतकथेची परीक्षा

नदीच्या डोहात आसरा वसतात, असे आपल्याकडे वडील माणसे सांगतात. त्याचप्रमाणे ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागातील मूळ रहिवासी, दलदलीत व खोल पाणवठ्यांत 'बनिप' नावाचा भयंकर प्राणी राहतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हा शब्द वेंबा-वेंबा लोकांच्या भाषेतला. अशी कथा हसण्यावारी नेणे सोपे, डोळे मिटून मानणेही सोपे. तिची परीक्षा करणे मात्र कष्टाचे काम आहे. ते कसे करावे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम साक्ष घेऊ. विल्यम बकली नावाचा इंग्रज कैदी १८०३ साली पळून गेला व १८३५ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, मूळ रहिवाशांत राहिला. १८५२ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. मोडेवारी सरोवरात आपण बनिप पाहिला, असे त्यात तो सांगतो; परंतु दिसली ती केवळ पाठ, करड्या पिसांनी झाकल्यासारखी, आणि आकार वाढलेल्या वासराएवढा. त्या प्राण्याचे डोके अथवा शेपूट पाहिलेला एकही मनुष्य त्यास भेटला नाही. साक्ष प्रामाणिक असेल, पण ती अपुरी आहे.

दुसरा पुरावा अस्थींचा. १८४६ साली मरम्बिजी नदीच्या काठी एका गोऱ्या वसाहतकऱ्यास विचित्र कवटी सापडली. पुढील वर्षी ती सिडनीच्या संग्रहालयात मांडताच, आपणही बनिप पाहिला आहे, असे सांगणारे पुष्कळ लोक पुढे आले! प्राणिशास्त्रज्ञ मॅक्ले यांनी मात्र ती व्यंग असलेल्या शिंगराची ठरविली, आणि लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी चित्र पाहून ती वासराची असावी, असे मत दिले. येथे क्षणभर थांबून विचार करावा. घोडा व गाय ही त्या खंडातील मूळची जनावरे नव्हेत. १७८८ साली इंग्रजांनीच ती प्रथम तेथे नेली. तेव्हा शिंगरू म्हणा की वासरू म्हणा, ज्या कवटीत त्या भूमीचा पुरातन राक्षस पाहिला गेला, ती गोऱ्यांनीच आणलेल्या जनावराची होती. तरीही पुढे सिडनीत 'बनिप' या शब्दास 'तोतया' हा अर्थ चिकटला, आणि १८५३ साली डॅनियल डेनिही यांनी नियोजित उमरावशाहीची थट्टा करताना तोच शब्द वापरला. कवटी ओळखण्यात चूक झाली, आणि लबाडीचा डाग मात्र मूळ रहिवाशांच्या शब्दावर पडला. हा न्याय नव्हे.

मग ही कथा निघाली कोठून? तेथील पाणगवतात बगळ्याच्या कुळातील एक पक्षी राहतो; रात्री त्याचा नर घुमटात घुमावे तसा खोल आवाज काढतो, म्हणून त्यास 'बनिप पक्षी' असेही म्हणतात. समुद्रातील सील हा प्राणीही मरे नदीतून क्वचित फार आतपर्यंत येतो. शिवाय डिप्रोटोडॉन नावाचा, गेंड्याएवढा शाकाहारी प्राणी त्या खंडात प्राचीन काळी होता. तो नष्ट होण्यापूर्वीच माणसाची वस्ती तेथे झाली होती. त्याची आठवण, अथवा त्याच्या अस्थी, या कथेच्या मुळाशी असाव्यात, असे जॉर्ज बेनेट यांनी १८७१ साली सुचविले. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. दोहोंतील भेद विद्यार्थ्याने कधीही विसरू नये.

आणखी एक गोष्ट. बनिपच्या भयाने मुले खोल पाण्यापासून दूर राहत. प्राणी सापडला नाही, तरी पाण्यातील धोका खराच होता. म्हणून कथा सांगणाऱ्या आयांना आम्ही असत्यवादी म्हणणार नाही.

पारख करावी व चांगले ते राखावे, हा प्रेषित पौलाचा उपदेश आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकतो. तो प्रयोगशाळेतही लागू आहे. कोणी अद्भुत गोष्ट सांगितली, तर कोणी पाहिले, नेमके किती पाहिले आणि उरलेले कोणी जोडले, हे शांतपणे विचारावे. आणि उत्तर मिळेपर्यंत सांगणाऱ्याची अब्रू राखावी.