परक्या गावातील उमेदवारी

सुताराच्या कारखान्यात एखादा मुलगा काम शिकण्यासाठी राहिला, म्हणजे तो उमेदवारी करतो असे आपण म्हणतो. पहिले काही महिने त्याच्या हाती रंधा येत नाही. तो भुसा झाडतो, फळ्या उचलून देतो, आणि लाकडाचा पोत कसा ओळखावा हे उस्तादाच्या शेजारी उभा राहून पाहतो. वकील, वैद्य, यंत्रज्ञ यांनाही अशी उमेदवारी चुकलेली नाही. गेल्या काही दशकांत मात्र उमेदवारीचा एक निराळा प्रकार जगात रूढ झाला आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी परदेशी जातात. पण तेथील मोठ्या विद्यापीठात नव्हे, तर एखाद्या खेड्यात. गरीब माणसे एकत्र येऊन आपले संसार कसे सावरतात, आणि लोकहितासाठी काढलेला धंदा स्वतःच्या पायांवर कसा उभा राहतो, हे त्यांना शिकावयाचे असते. येथे उस्ताद कोण आणि शिकाऊ कोण, हा प्रश्न मोठा मौजेचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण बांगलादेशातील एका गावी जाऊ.

बांगलादेशच्या आग्नेय भागात चितगाव नावाचे जुने बंदर आहे. त्या शहराच्या उत्तरेस टेकड्यांच्या कुशीत तेथील विद्यापीठ वसले आहे, आणि विद्यापीठाला लागूनच जोबरा हे लहानसे खेडे आहे. १९७२ साली मुहम्मद युनूस नावाचे तरुण प्राध्यापक या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. ते स्वतःही परदेशी विद्या घेऊन आलेले होते. १९६५ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेस गेले, तेथे त्यांनी डॉक्टरची पदवी संपादन केली आणि काही वर्षे अध्यापनही केले. आपला देश स्वतंत्र झाला हे पाहून ते परतले.

१९७४ साली बांगलादेशात भयंकर दुष्काळ पडला. वर्गात युनूस मोठमोठ्या योजनांचे सिद्धांत समजावून देत असत, आणि वर्गाबाहेर रस्त्यावर माणसे अन्नावाचून मरत होती. ज्या विद्येने शेजारच्या गावातील भूक समजत नाही, ती विद्या काय कामाची, असे त्यांना वाटू लागले. ते विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जोबऱ्याच्या घराघरांतून हिंडू लागले. प्राध्यापकच आता उमेदवार झाला होता.

१९७६ साली त्यांना एका झोपडीच्या अंगणात सुफिया नावाची स्त्री बांबूचे स्टूल विणीत बसलेली दिसली. तिचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. बोटे चपळ होती, काम सुबक होते. मग घरात दारिद्र्य का? तिने हिशेब सांगितला. बांबूसाठी पाच टके लागत. टका हे तेथील नाणे. ‘टके सेर भाजी, टके सेर खाजा’ या आपल्या म्हणीतला टका आणि हा टका एकाच कुळातले. ते पाच टके सुफियाजवळ नसत. म्हणून ती व्यापाऱ्याकडून उसने घेई, आणि संध्याकाळी तयार झालेले स्टूल त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, विकण्यास बांधली जाई. व्यापारी तिला पाच टके पन्नास पैसे देई. म्हणजे दिवसभराच्या श्रमाची मिळकत पन्नास पैसे! त्यात दुसऱ्या दिवशीच्या बांबूसाठी काय उरणार? तेव्हा पुन्हा व्यापाऱ्याचे दार.

तिला पाच टके काढून द्यावेत, असा मोह युनूस यांना झाला. आपल्यालाही झाला असता. परंतु त्यांनी तो आवरला, आणि अशी माणसे गावात आणखी किती आहेत हे पाहण्याचे काम आपल्या एका विद्यार्थिनीवर सोपविले. ती घरोघर गेली. कोण किती उसने घेते, कशासाठी घेते, हे विचारून तिने आठवड्याभरात एक यादी तयार केली. यादीत बेचाळीस नावे होती. या सर्वांना मिळून लागणारी रक्कम किती होती? ८५६ टके, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने २७ डॉलरांहूनही कमी. एवढ्याशा पैशासाठी बेचाळीस कुटुंबांची मान व्यापाऱ्याच्या हाती होती. मला स्वतःला या सगळ्या हकिकतीत ती यादी फार मोलाची वाटते. जोबऱ्यातील लोक आळशी आहेत, की त्यांना कसब येत नाही, की त्यांच्याजवळ केवळ पाच टके नाहीत, हे त्या विद्यार्थिनीने दारोदार विचारले नसते तर कोणालाच कळले नसते.

युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली. पण दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. नंतर ते बँकेत गेले. बँकेच्या अधिकाऱ्यांना हसू आले. या लोकांना सही करता येत नाही, यांच्याजवळ तारण नाही, आणि रक्कम इतकी लहान की कागदांचा खर्चही निघावयाचा नाही! कित्येक महिने खेटे घातल्यावर, युनूस यांनी स्वतः जामीन राहिल्यानंतरच, बँकेने दहा हजार टक्यांपर्यंत कर्ज देण्याचे मान्य केले. गरिबांनी ते फेडले. पुढे हे काम टांगाइल जिल्ह्यात पसरले, १९८३ साली कायद्याने ‘ग्रामीण बँक’ स्थापन झाली, आणि २००६ साली युनूस व ती बँक या दोघांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बँकेची रीत मोठी विचाराने बसविलेली आहे. एकाच गावच्या, परंतु एकमेकींच्या नात्यात नसलेल्या पाच बायका गट करतात. प्रथम दोघींना कर्ज मिळते. त्यांनी काही आठवडे नियमाने हप्ते भरले, की पुढच्या दोघींची पाळी येते. गटाची प्रमुख सर्वांच्या शेवटी. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर आई पानावर बसते, तशी. असे काही गट मिळून एक केंद्र होते. दर आठवड्याला पत्र्याच्या वा गवताच्या छपराखाली केंद्राची सभा भरते. बायका पाच-पाचांच्या रांगांनी बसतात, हप्ते गोळा होतात, आणि बँकेचा कर्मचारी सर्वांच्या देखत पैसे मोजून पुस्तकात नोंद करतो. माणसांनी बँकेकडे न जाता बँकेनेच माणसांकडे जावे, ही त्यातील कल्पना. १९८४ साली कर्जदारांनी सोळा निश्चय ठरविले: परसात भाजी लावू, मुलांना शाळेत घालू, हुंडा घेणार नाही आणि देणार नाही, असे ते आहेत.

या सभांना कित्येक वर्षे एक निराळा श्रोताही हजर राहत आला आहे. तो म्हणजे परदेशी उमेदवार. ढाका शहराच्या मीरपूर भागात बँकेची मुख्य कचेरी आहे. अमेरिका, युरोप, जपान अशा दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी तेथे येतात, प्रथम कामाची माहिती घेतात, आणि मग दुभाष्याला सोबत घेऊन एखाद्या खेड्यातील शाखेत जातात. त्यांना वेतन मिळत नाही. कोणास कर्ज द्यावे हे ठरविण्याचा अधिकारही त्यांना नसतो, आणि ते योग्यच आहे. ते सभेत मागे बसतात, कर्मचाऱ्याबरोबर पायी हिंडतात, एखाद्या कर्जदार स्त्रीने पहिल्या कर्जातून काय घेतले, दुसऱ्यातून काय, हे तिच्याच अंगणात बसून लिहून घेतात.

हे काम ऐकावयास सोपे वाटते, पण तसे ते नाही. बाई पाच मिनिटे बोलते, हातवारे करते, शेजारणी हसतात, आणि दुभाषा सांगतो, “ती म्हणते, बरे चालले आहे.” मधले सारे बोलणे कोठे गेले? ज्याला ते हवे असेल, त्याने बंगाली शिकावी, हाच उपाय. अलेक्स काउंट्स या अमेरिकन तरुणाने तेच केले. विद्यापीठातील शिक्षण संपवून तो १९८८ साली बांगलादेशात आला. ज्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर युनूस अमेरिकेस गेले होते, तिच्याच आधारे हा उलट दिशेने आला होता! तो बंगाली बोलू लागला, अनेक वर्षे त्या देशात राहिला, आणि स्वदेशी परतल्यावर त्याने शिकागो शहरातील गरीब वस्तीकडे पाहिले. जोबऱ्याच्या धर्तीवर गट करणाऱ्या बायका तेथेही होत्या. बांगलादेशातील आणि शिकागोतील अशा स्त्रियांची हकिकत त्याने १९९६ साली एका पुस्तकात शेजारी शेजारी मांडली. पुढच्याच वर्षी, युनूस यांनी दिलेल्या सहा हजार डॉलरांच्या भांडवलावर, त्याने अमेरिकेत ‘ग्रामीण फाउंडेशन’ ही संस्था काढली. श्रीमंत देशाचा विद्यार्थी गरीब देशाकडून विद्या घेऊन गेला, असे येथे घडले.

बाहेरून येणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असला, म्हणजे सारे ठीक होते असे मात्र नाही. बांगलादेशात तळ्याचे गढूळ पाणी पिऊन मुले दगावत. म्हणून परदेशी मदतीने तेथे लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या. बँकेच्या सोळा निश्चयांतही कूपनलिकेचे पाणी पिण्याचा एक निश्चय होता. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसे. पण १९९३ साली असे आढळून आले की, कित्येक ठिकाणी जमिनीच्या पोटातून येणाऱ्या त्या पाण्यात आर्सेनिक नावाचे विष नैसर्गिकपणेच मिसळलेले आहे. जंतू टळले, पण विष पोटात गेले. नलिका खोदताना त्या पाण्यात हे विष आहे की नाही, ही परीक्षा कोणी केलीच नव्हती.

लोकहिताच्या धंद्यातही हिशेब चुकतो, आणि तो कोठे चुकला हे पाहणे उमेदवाराच्या दृष्टीने फार उपयोगाचे असते. २००६ साली ग्रामीण समूहाने दानोन या फ्रेंच कंपनीबरोबर एक कारखाना काढण्याचे ठरविले, आणि पुढच्या वर्षी तो बोगरा येथे सुरू झाला. खेड्यातील मुलांना पुरेसे जीवनसत्त्व व लोह मिळत नाही, म्हणून ते घातलेले ‘शक्ती दोई’ नावाचे दही तेथे तयार होऊ लागले. दूध आसपासच्या शेतकऱ्यांचे, विक्री दारोदार जाणाऱ्या बायकांची. भांडवल घालणाऱ्याने आपले मुद्दल परत घ्यावे, पण नफा वाटून घेऊ नये, तो धंद्यातच राहू द्यावा, असा नियम होता. दह्याची वाटी पाच टक्यांना मिळे. २००८ साली दुधाचे भाव कडाडले, तेव्हा वाटी आठ टक्यांना विकू लागले. आणि खेड्यांतील खप एकदम कोसळला! तीन टके शहरातल्या माणसाला काय वाटणार? पण ज्या आईला रोजचा बाजार मोजून करावा लागतो, तिने दही घेणे सोडून दिले. तेव्हा वाटी लहान करून किंमत उतरवावी लागली.

याहून कठीण गोष्ट पुढची आहे. ग्रामीण बँकेचे यश पाहून लहान कर्जे देणाऱ्या संस्था जगभर निघाल्या. त्यांतील काहींनी गट, हप्ते आणि सभा तेवढ्या उचलल्या. घराघरांत जाऊन विचारणे मात्र उचलले नाही. त्या वेळी आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात काही खाजगी कंपन्यांनी एकाच स्त्रीला तीन-तीन, चार-चार ठिकाणची कर्जे घेऊ दिली, व्याजही भारी लावले. एकीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज, असे होऊ लागले. वसुलीच्या तगाद्याला कंटाळून कित्येकांनी जीव दिला, तेव्हा ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला वटहुकूम काढून या कंपन्यांना आवर घालावा लागला. २०१५ साली सहा देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या हैदराबाद शहरातील पाहणीही होती. अशा कर्जांनी काही कुटुंबांना धंदा वाढविण्यास हात दिला, परंतु सरासरीने दारिद्र्य हटल्याचे दिसले नाही, असे त्यांत आढळले.

म्हणून आता खेड्यातील सभेत मागे बसलेल्या उमेदवाराला वही मिटून चालत नाही. सर्व हप्ते वेळेवर भरले गेले, एवढे कर्मचाऱ्याच्या पुस्तकावरूनही समजते. सभा सुटल्यावर त्याने बाईच्या अंगणापर्यंत जावयाचे, ती जे काम करीत असेल त्याच्या जवळ बसावयाचे, आणि ओळख झाल्यावर हळूच विचारावयाचे: आजचा हप्ता कोठून आला? कोंबडीची अंडी विकून, की शेजारणीकडून उसना?