ओढण्याची ताकद आणि थांबविण्याची ताकद

माल शेतात पिकतो, परंतु त्याचे मोल बाजारात ठरते. शेत आणि बाजार यांमधील वाट पूर्वी बैलगाडी तुडवीत असे. आज ते काम पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉली करीत आहेत. कांदा, भाजीपाला, दूध, चारा, खते आणि टंचाईच्या दिवसांत पाणीसुद्धा पिकअपच्या हौद्यातून ये-जा करते. ऊस ट्रॉलीतून कारखान्याकडे जातो. ओझे फार झाले की बैल पाऊल उचलीत नसे. यंत्राला ही समज नाही. ती चालकाने व मालकाने ठेवावयाची आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गळीत हंगाम ऐन भरात होता. एक तरुण शेतकरी सकाळी आमच्या कार्यालयातून माती परीक्षणाचा अहवाल घेऊन गेला. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्याची मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. लोंबणाऱ्या वाढ्यांनी मागची बाजू झाकली गेली होती. अहवाल त्याच्या खिशातच राहिला. ट्रॉलीवाला तर शेजारच्याच गावचा शेतकरी होता. त्याने हे जाणूनबुजून केले नव्हते. पण एवढ्याने कोणाचे समाधान व्हावे? प्रस्तुत लेख त्या प्रसंगाच्या आठवणीने लिहिला आहे.

मूळ तत्त्व

इंजिन जेवढे ओझे ओढू शकते, तेवढे ओझे ब्रेक थांबवू शकतीलच असे नाही. आपल्याकडे वाहनाची परीक्षा ‘किती ओढते’ यावरून होते. ती ‘किती अंतरात थांबते’ यावरून व्हावी. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दर सेकंदास सुमारे ११ मीटर पुढे सरकते. चालकाने धोका पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एवढे अंतर सहज संपते, आणि थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ब्रेक झेपू शकेल त्याहून जास्त भार चढविल्यास हे अंतर आणखी लांबते.

अमेरिकेत पिकअपचा वापर शंभर वर्षांचा आहे. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला मागे उघडा हौदा बसवून कारखान्यातूनच विकण्यास आरंभ केला. आज तेथील शेतकरी जड पिकअपने आठवडाभर गुरांचा किंवा चाऱ्याचा ट्रेलर ओढतो आणि सुटीच्या दिवशी त्याच गाडीमागे नाव किंवा फिरते घर जोडून सहलीस जातो. परंतु किती ओढावयाचे, याचा निर्णय तो मनाने घेत नाही. हौद्यातील भार किती, ओढावयाचा भार किती आणि दोन्ही मिळून एकूण किती, याच्या मर्यादा कंपनीने ठरवून दिलेल्या असतात. तेथील अनेक राज्यांत सुमारे १,३६० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे. ओढणाऱ्याचे ब्रेक ओढलेल्यास पुरत नाहीत, हे त्यामागील कारण होय. आपण ही शिस्त अवश्य घ्यावी.

पिकअपच्या भाराचा हिशेब

नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचे रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन असे दोन आकडे दिलेले असतात. त्यांतील फरक म्हणजे आपणांस नेता येणारे ओझे. रिकाम्या वजनात चालक व त्याचा सोबती यांचे वजन धरलेले नसते. म्हणून तेही वजा करावे.

उदाहरणार्थ, समजा एकूण वजन २,९०० किलो व रिकामे वजन १,६०० किलो आहे. फरक १,३०० किलो. दोन माणसांचे १४० किलो वजा करता १,१६० किलो उरतात. म्हणजे ५० किलोंच्या कांद्याच्या गोण्या २३ भरतील. चोविसावी गोणी भरू नये.

पाणी आणि वाळू यांच्या बाबतीत विशेष फसगत होते. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते, टाकीचे निराळे. वरील वाहनावर दीड हजार लिटरची टाकी भरून नेणे म्हणजे मर्यादा ओलांडणेच होय. टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि वाहन कलंडण्याची भीती वाढते. एक ब्रास वाळू सव्वाचार टनांच्या आसपास भरते. अशा पिकअपला अर्धा ब्रासही झेपत नाही.

पाटे वाढवून घेतले म्हणजे वाहनाची क्षमता वाढली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पाट्यांनी हौदा खाली बसत नाही एवढेच. ब्रेक, टायर, आस आणि चौकट पूर्वीचीच राहतात. वाहन बसलेले दिसले असते तर चालक सावध तरी झाला असता. मर्यादेबाहेर भार नेल्यास मोटार वाहन कायद्यान्वये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड आहे. चार गोण्यांचे वाचलेले भाडे त्यापुढे काहीच नव्हे.

ट्रॉलीची जोडणी

जुन्या गाडीवानास हे शास्त्र ठाऊक होते. गाडी मागे जड झाली तर ती उलाळ होई. पुढे जड झाली तर ओझे बैलांच्या मानेवर येई. दोन चाकी ट्रॉलीचेही तसेच आहे. ओझे आसाच्या मागे गेले तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागील चाके हलकी पडतात आणि पकड सुटते. ओझे फार पुढे आले तर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलू पाहतात आणि सुकाणू ऐकत नाही. म्हणून ओझ्याचा थोडासा अधिक भाग आसाच्या पुढे राहील असे भरावे. याखेरीज पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. हूक व पिन झिजलेली नसावी. पिनेला अडकवणी घालावी. जोडीला मजबूत साखळी असावी. पिन निसटल्यास ट्रॉली साखळीवर तरी राहील.

२. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकचे दोन पायटे असतात. शेतात ते सुटे वापरावेत. रस्त्यावर येण्यापूर्वी खिटीने एकत्र जोडावेत. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर जागच्या जागी फिरून उलटतो.

३. ट्रॉलीस ब्रेक असावेत व ते चालू ठेवावेत. सुमारे दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे कित्येक पट वजनाचा ऊस असतो. उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीस ओढीत नाही. ट्रॉलीच ट्रॅक्टरास ढकलते.

उतार आणि रात्र

ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडून देण्याची खोड प्राणघातक आहे. त्यामुळे सर्व भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात.

ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंस पिवळे आणि पुढे पांढरे रिफ्लेक्टर असावेत. वाढ्यांनी ते झाकू देऊ नयेत व दर आठवड्यास फडक्याने पुसावेत. वाहन बंद पडल्यास ते रस्त्याबाहेर घ्यावे. ते शक्य नसेल तर मागे पुरेशा अंतरावर खूण ठेवावी. चाकांना लावलेले दगड निघताना स्वतःच्या हाताने उचलावेत. मागे राहिलेला एक दगड दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेतो.

जत्रा आणि गाणी

हौद्यात माल नसला की माणसे बसतात. लग्न, जत्रा, देवदर्शन यांसाठी पिकअप भरून जाणे ही खेड्यातील नित्याची बाब झाली आहे. २५ माणसे म्हणजे सुमारे १,४०० किलो वजन. तेही उंचावर आणि हलणारे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांचे पिकअप घाटरस्त्यावर खाली कोसळले आणि अनेक जणी दगावल्या. हौदा मालासाठी आहे. आनंदाच्या दिवशी बसभाडे वाचविणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

उसाच्या ट्रॅक्टरवरील कर्ण्यांविषयीही लिहिणे प्राप्त आहे. रात्रभर जागणाऱ्या चालकास गाण्याची सोबत हवी, हे मान्य. परंतु मागच्या वाहनाचा भोंगा आणि सुटू पाहणाऱ्या पिनेचा खडखडाट ऐकू येईल, इतकाच त्याचा आवाज असावा. झोप गाण्याने जात नाही. ती विश्रांतीने जाते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील एक भरलेले पिकअप वजनकाट्यावर न्यावे. मालकास आधी अंदाज विचारावा, मग काट्यावरील आकडा नोंदणी प्रमाणपत्राशेजारी मांडून दाखवावा. त्याच संध्याकाळी रिफ्लेक्टर लावलेली व न लावलेली अशा दोन ट्रॉल्या उभ्या करून शंभर पावलांवरून बॅटरीचा उजेड टाकावा. दोहोंतील फरक पाहणाऱ्यास निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

गावातील प्रत्येक ट्रॉलीस या हंगामापूर्वी लाल पट्टी लागेल, एवढा एकच संकल्प प्रत्येक कार्यकर्त्याने करावा. त्यास लागणारा खर्च एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे. आणि तो न केल्यास काय गमवावे लागते, हे वर सांगितलेच आहे.