न बोलणाऱ्या सरकारांचे मध्यस्थ

आमच्या महाळुंगे पडवळ गांवीं, किंबहुना जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याहि खेड्यांत, बांधावरून दोन भाऊबंदांचें बोलणें तुटलें तरी सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावीच लागते. मग एखादा सोयरा निरोप नेतो-आणतो. राज्यांराज्यांतहि असेंच घडतें.

याचा एक नमुना मुंबईंतच आहे. २०२४ सालीं तेथें तैवानचें कार्यालय उघडलें. काम व्हिसाचें व व्यापाराचें, पण नांव वकिलात नव्हे, तर 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र'! कारण १९५० पासून भारताचे राजनैतिक संबंध बीजिंगशीं आहेत. तैपेईंतील आपल्या कार्यालयासहि १९९५ पासून 'इंडिया-तैपेई असोसिएशन' असेंच साधें नांव आहे.

खरा पेंच मात्र चीन व तैवान यांच्यामध्येंच आहे. १९४९ सालीं यादवी युद्धांत हरलेलें सरकार तैवान बेटावर गेलें, आणि तेव्हांपासून ताटातूट झालेल्या कुटुंबांस १९८७ पर्यंत उघडपणें भेटतांहि येत नव्हतें. १९९० च्या जुलैंत, चोरून आलेल्या चिनी लोकांस तैवानहून परत धाडतांना त्यांस नौकेच्या बंद कप्प्यांत कोंडलें गेलें. त्यांतील २५ जण गुदमरून मेले. आतां बोलणार कोण? सरकारांनीं सही केली, तर एकमेकांस मान्यता दिल्यासारखें होणार! अखेर सप्टेंबरांत किन्मेन बेटावर दोन्हीकडील रेड क्रॉस संस्थांनीं करार केला. परत धाडावयाचीं माणसें रेड क्रॉसचें निशाण लावलेल्या नौकांतून न्यावीं, असें ठरलें.

त्याच वर्षीं तैवाननें एक प्रतिष्ठान स्थापिलें, व १९९१ सालीं चीननें एक संघ. दोन्ही नांवाला खासगी; सूत्रें सरकारच्या हातीं. एप्रिल १९९३ मध्यें त्यांचे प्रमुख, तैवानचे उद्योगपति कू चेन-फू व शांघायचे माजी महापौर वांग दाओहान, सिंगापुरांत भेटले. करार झाले ते गहाळ रजिस्टर पत्रांची चौकशी, दाखल्यांची पडताळणी, अशा विषयांवर. एवढ्यासाठीं थोरामोठ्यांनीं परदेशीं बसावें, हें कोणास हास्यास्पद वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. ज्या वृद्ध शिपायाची बायको पैलतीरीं राहिली, त्यास विवाहाचा दाखला खरा ठरणें हें तहनाम्याहून मोठें!

१९९९ सालीं ही बोलणीं बंद पडलीं, २००८ सालीं पुन्हां सुरू झालीं, आणि २०१६ सालीं चीननें तीं पुन्हां थांबविलीं. दाखल्यांच्या पडताळणीचें काम मात्र चालूच राहिलें आहे.