भाजीच्या शेवया

पास्ता हा इटलीतील लोकांचा नित्याचा पदार्थ. तो ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्यापासून करतात. 100 ग्रॅम शिजलेल्या पास्त्यात सुमारे 30 ग्रॅम कर्बोदके असतात. भोपळ्याच्या कुळातील झुकिनी या फळभाजीत मात्र तेवढ्याच वजनात ती जेमतेम 3 ग्रॅम असून, पाणी शेकडा सुमारे 95 असते. म्हणूनच कर्बोदके कमी करू इच्छिणारे लोक फिरत्या पात्याच्या यंत्राने झुकिनीच्या लांब शेवया काढून पास्त्याऐवजी खातात.

आकार सारखा असला, तरी दोहोंचे गुणधर्म भिन्न आहेत. उकळत्या पाण्यात पास्ता पाणी शोषून फुगतो. उलट उष्णतेने झुकिनीच्या पेशींची पटले फुटून आतील पाणी बाहेर पडते व शेवयांचा लगदा होतो. यास्तव शेवयांना थोडे मीठ लावून 15 मिनिटे ठेवावे. परासरणाने बरेच पाणी सुटते. ते निथळून, शेवया कापडाने टिपून घ्याव्यात आणि पसरट भांड्यात झाकण न ठेवता मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटेच परताव्यात.

पास्ता वगळल्याने गव्हातील प्रथिनेही कमी होतात. ती डाळ, अंडी किंवा पनीर यांनी भरून काढावीत. मधुमेहासाठी इन्सुलिन वा अन्य औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून हा बदल करू नये. औषधाची मात्रा तीच राहून कर्बोदके एकाएकी घटली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.