धर्मनिधी आणि बाजारातील मिळकत
इंग्लंडच्या चर्चच्या व्यवहाराचा एक अभ्यास

आमच्या संघाच्या सभासदांपैकी पुष्कळांच्या हाती दोन तिजोऱ्यांच्या किल्ल्या असतात. एक स्वतःच्या पेढीची; दुसरी मंदिर, धर्मशाळा, बोर्डिंग किंवा पांजरपोळ यांपैकी एखाद्या संस्थेची. पेढीचा पैसा आपण वाढवितो आणि संस्थेचा सांभाळतो, अशी आपली समजूत असते. परंतु महागाईच्या काळात नुसता सांभाळलेला पैसा दरवर्षी थोडा थोडा झिजत जातो, हेही आपणांस ठाऊक आहे. मग संस्थेच्या पैशातून बाजारपेठेत गाळे घ्यावेत काय, इमारत बांधून भाड्याने द्यावी काय, असा विचार विश्वस्तांच्या बैठकीत निघतो आणि बैठकीत दोन तट पडतात. हाच प्रश्न इंग्लंडच्या चर्चपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. तेथे काय घडले त्याचा जमाखर्च आम्ही या लेखात मांडीत आहो.

या निधीचा उगम जुना आहे. पाद्र्यांच्या उत्पन्नावरील जो कर पूर्वी रोमला जात असे, तो आठव्या हेन्री राजाने 1534 साली आपल्या खजिन्याकडे वळविला. 1704 साली अ‍ॅन राणीने तो गरीब पाद्र्यांच्या मदतीसाठी परत दिला. ‘राणी अ‍ॅनचे दान’ या नावाने तो निधी पुढे चालला. (या दानाचा काही पैसा अठराव्या शतकात गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतला होता, हे चर्चने स्वतःच करविलेल्या चौकशीनंतर जाहीर केले आणि 2023 च्या जानेवारीत त्याच्या परिमार्जनासाठी 10 कोटी पौंड देण्याचे ठरविले. जुन्या वह्या उघडल्या की असे निघते.) दुसरा प्रवाह 1836 सालचा. बिशपांच्या व मोठ्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न फार विषम होते. ते एकत्र करून गरजू धर्मग्रामांकडे वळविण्यासाठी त्या वर्षी एक कमिशन नेमले गेले. हे दोन्ही निधी 1948 च्या एप्रिलमध्ये एक झाले. तेव्हापासून जी मंडळी हा पैसा पाहतात त्यांस चर्च कमिशनर्स म्हणतात.

म्हणजे चर्च आणि स्थावर मिळकत हा संबंध काही आजचा नव्हे. शेतजमिनीचा खंड आणि लंडनमधील घरांचे भाडे यांवर पाद्र्यांचे पगार शतकानुशतके निघत आले. 1884 मध्ये साउथवर्क येथील गरिबांची घरे सांभाळण्यासाठी या कमिशनने ऑक्टेव्हिया हिल या समाजसेविकेची योजना केली, तो प्रयोग गृहव्यवस्थेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नवे होते ते युद्धानंतरचे वळण. सरकारी रोख्यांचे व्याज ठरलेले आणि भाव तर चढते. म्हणून कमिशनर्स कंपन्यांच्या भागांकडे आणि व्यापारी इमारतींकडे वळले. या निर्णयास आम्ही तरी दोष देणार नाही. केवळ रोख्यांत बसून राहणाऱ्या विश्वस्ताचे मुद्दल कागदावर तेवढेच दिसते, पण त्यात धान्य कमी येते.

येथून वादास आरंभ होतो. एक पक्ष म्हणे की, ज्या संस्थेने लोभ सोडावयास शिकवावयाचे तिने दुकानदारांकडून भाडे वसूल करीत बसणे अशोभनीय आहे. दुसरा म्हणे की, पाद्र्याची विधवा पेन्शनवर जगते आणि पेन्शन भाड्यावर. हा वाद न्यायालयातही गेला. ऑक्सफर्डचे बिशप रिचर्ड हॅरिस व त्यांचे सहकारी यांनी कमिशनर्सविरुद्ध अर्ज केला, तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेशी संबंध असलेल्या कंपन्यांतील गुंतवणुकीबद्दल होता. 1991 च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती निकोल्स यांनी अर्ज फेटाळला. विश्वस्तांनी सुज्ञपणाच्या मर्यादेत जास्तीत जास्त उत्पन्न पाहावे, हा सामान्य नियम त्यांनी सांगितला. त्यास अपवाद असा की, गुंतवणूक संस्थेच्या हेतूशीच विरुद्ध असेल तर ती टाळावी. कर्करोगाच्या संशोधनासाठी असलेल्या संस्थेने तंबाखूच्या कंपनीचे भाग घेऊ नयेत, तसे. कमिशनर्स मद्य, तंबाखू, जुगार आणि शस्त्रे यांपासून त्या वेळीही दूरच होते. आमच्या वाचकांस ही यादी ओळखीची वाटेल.

न्यायालयात नीतीचा खल चालू असताना त्याच निधीच्या खतावणीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. तिजकडे अर्जदारांचे लक्ष नव्हते आणि बहुधा कोणाचेच नव्हते.

ईशान्य इंग्लंडात गेट्सहेड गावाबाहेर, वीजकेंद्राची राख टाकावयाच्या पडीक जागेवर, जॉन हॉल या व्यावसायिकाने एक अवाढव्य बाजारसंकुल उभारले. त्याचे नाव मेट्रोसेंटर. पैसा चर्च कमिशनर्सचा. मागासलेल्या भागास उत्तेजन म्हणून सरकारने त्या पट्ट्यात स्थानिक करांची माफी दिली होती. 1986 साली ते उघडले आणि चांगले चालले. योगायोग असा की, रविवारी दुकाने उघडी ठेवण्यास मोकळीक देणारे विधेयक त्याच वर्षी पार्लमेंटात पडले, आणि ते पाडण्यासाठी झटणाऱ्यांत चर्चची मंडळी आघाडीवर होती. एका हाताने रविवारचा विश्राम राखावयाचा आणि दुसऱ्याने खरेदीचे सर्वांत मोठे घर बांधावयाचे, ही विसंगती त्या वेळी अनेकांनी बोलून दाखविली. आम्हांस त्याहून एक गोष्ट अधिक टोचते. गावाबाहेरच्या अशा संकुलांनी गावातील जुन्या पेठांचे गिऱ्हाईक ओढून नेले, आणि 1996 साली इंग्लंडच्या सरकारला नियोजनाचे धोरण बदलून नव्या दुकानांस गावातच प्रथम जागा शोधावयास सांगावे लागले. ज्या धर्मग्रामांसाठी निधी होता, त्यांच्याच पेठेतील दुकानदाराशी निधीने स्पर्धा करावी, याचा विचार गुंतवणुकीच्या टिपणात कोणी केला असेल असे वाटत नाही.

तथापि मेट्रोसेंटर बुडाले नाही. नुकसान झाले ते इतरत्र, आणि कर्जामुळे. 1980 नंतरच्या दशकात इमारतींचे भाव चढत होते. कमिशनर्सनी स्वतःच्या पैशावर न थांबता बँकांकडून उचल घेऊन इंग्लंडात आणि अमेरिकेत बांधकामे हाती घेतली. कर्ज सुमारे 50 कोटी पौंडांपर्यंत गेले. केंट परगण्यात अ‍ॅशफर्ड येथे अशी जमीन घेतली गेली की, जीवर बांधकामाची परवानगी मिळालीच नाही. 1989 च्या ऑक्टोबरात इंग्लंडातील मूळ व्याजदर 15 टक्क्यांवर गेला आणि वर्षभर तेथेच राहिला. भाव कोसळले. निधीची किंमत सुमारे 300 कोटी पौंडांवरून सुमारे 220 कोटींवर आली. 80 कोटी पौंडांचा हा खड्डा 1992 च्या जुलैमध्ये लंडनच्या ‘फिनान्शियल टाइम्स’ या पत्राने चव्हाट्यावर आणला.

कर्जाने काय होते ते एका काल्पनिक संस्थेच्या वहीवरून पाहू. संस्थेपाशी 10 लाख आहेत. ती आणखी 10 लाख कर्जाऊ घेऊन 20 लाखांची इमारत घेते. भाडे शेकडा 6 प्रमाणे 1 लाख 20 हजार. 15 टक्क्यांनी व्याजच 1 लाख 50 हजार. म्हणजे स्वतःचे 10 लाख गुंतवूनही घरातून 30 हजार घालावे लागतात. भाव चढते आहेत तोवर ही तूट कोणास दिसत नाही, कारण इमारतीची किंमत वाढलेली असते. आता इमारत पाव हिश्शाने उतरून 15 लाखांवर आली असे धरा. बँकेचे 10 लाख जसेच्या तसे. संस्थेचे उरले 5. इमारत चौथाईने उतरली आणि मुद्दल निम्मे गेले. पेढीवाल्यास हे सांगावयास नको. पण पेढीवाला बुडाला तर स्वतःचे बुडवितो आणि पुन्हा उभा राहतो. धर्मनिधीस पुन्हा देणारी अ‍ॅन राणी कोठून आणावयाची?

मग शहाण्यासुरत्या माणसांनी असे का केले? लोभ म्हणून सोडून देणे सोपे आहे. ते उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्यांच्यावर तगादा होता. पाद्र्यांचे पगार व पेन्शन वाढवावे अशी चर्चची मागणी वर्षानुवर्षे वाढत गेली. पेन्शनसाठी वेगळा निधी राखलेला नव्हता. त्या वर्षीच्या उत्पन्नातून त्या वर्षीचे पेन्शन द्यावयाचे, अशी रीत होती. धर्मपरिषदेत आश्वासन देणारे एक आणि पैसा उभा करणारे दुसरे. उत्पन्न आजच हवे, म्हणून ज्यातून आज अधिक मिळेल असे वाटले तिकडे विश्वस्त धावले.

या धावपळीचा सर्वांत बोलका नमुना बांधकामांत नसून रोख्यांच्या व्यवहारात सापडतो. व्याज मिळावयाच्या थोडे आधी सरकारी रोखा घ्यावयाचा, व्याज पदरात पाडावयाचे आणि लगेच रोखा विकावयाचा. समजा, 104 ला घेतला, 5 व्याज आले आणि 99 ला विकला. उत्पन्नाच्या खात्यावर 5 जमा. मुद्दलाच्या खात्यावर 5 वजा. एकूण हिशेबात काहीच मिळाले नाही, परंतु जमा झालेले 5 खर्च करण्यास मात्र मोकळीक झाली. मुद्दल खाल्ले, असे म्हणावयाचे धैर्य नसले की त्यास उत्पन्न हे नाव देता येते. कायदा मोडला जात नाही, चोरी होत नाही, आणि तिजोरी हलकी होत जाते. आमच्याकडील संस्थांच्या वह्यांत कायमनिधी आणि चालू खर्च यांची सरमिसळ झालेली आम्ही पाहिली आहे. तेथेही हेतू बहुधा चांगलाच असतो.

देखरेखीविषयी थोडेसे. त्या वेळी कमिशनर्सची संख्या 95 होती आणि त्यांत सर्व प्रांतांचे बिशप होते. 95 जण जेथे जबाबदार, तेथे प्रत्यक्षात निर्णय चार-पाच जण घेतात, हे व्यापारी मंडळींस नव्याने सांगणे नको. 1998 च्या कायद्यानंतर ही संख्या 33 करण्यात आली.

कोणी म्हणेल, हे परक्यांचे उदाहरण आम्हांस कशाला? आपल्याकडे देवद्रव्याचे खाते निराळे आणि साधारण खाते निराळे ठेवण्याची शिस्त जुनी आहे, आणि ते द्रव्य दुसऱ्या कामी वापरण्याचा दोष आपण लहानपणापासून ऐकत आलो. शिवाय 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने (बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते) शिलकी पैसा शेड्यूल्ड बँक, टपाल बचत किंवा सरकारी रोखे अशा ठिकाणी ठेवण्याचे बंधन घातले, स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लावली, आणि पुढे महाराष्ट्रात कर्ज काढण्यासही ती लावली. ही बंधने जाचतात, अशी तक्रार आम्हीही अनेकदा केली आहे. कर्जाविषयीच्या बंधनाची तक्रार मात्र वरील हिशेब लिहून काढल्यापासून आम्ही मागे घेतली आहे. गाळे घेण्याविषयी आमचे मत अनुकूलच आहे: स्वतःच्या शिलकेतून, गावातील पेठेत, ज्याचे भाडे आज येते असा गाळा घेणे आणि भाडेकरूशी माणुसकीने वागणे यात धर्मसंस्थेस लाज वाटण्यासारखे काही नाही.

ठेच लागूनही पाऊल पुन्हा तेथेच पडते, याचेही उदाहरण याच वहीत आहे. 2006 साली न्यूयॉर्कमधील स्टायव्हेसंट टाउन आणि त्यालगतची वसाहत, मिळून 11 हजारांवर घरे, 540 कोटी डॉलरांना विकली गेली. त्या खरेदीत बहुतांश पैसा कर्जाऊ होता आणि भागीदारांत चर्च कमिशनर्सही होते. कायद्याने भाडे बांधलेल्या जुन्या भाडेकरूंची घरे हळूहळू मोकळी होऊन चढ्या भाड्याने जातील, या अपेक्षेवर सारा हिशेब उभा होता. 2009 मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने भाडेकरूंच्या बाजूने निकाल दिला आणि 2010 च्या जानेवारीत मालकांनी मिळकत सावकारांच्या हवाली केली. कमिशनर्सचे सुमारे 4 कोटी पौंड गेले. रक्कम पूर्वीच्या मानाने लहान. पण मध्यमवर्गीय भाडेकरू निघून जाण्यावर धर्मसंस्थेचा नफा अवलंबून असावा, याविषयी चर्चमध्येच पुष्कळ बोलले गेले.

निधी पुढे सावरला. भाग, शेतजमीन, वने आणि इमारती अशा अनेक ठिकाणी विभागून ठेवल्यामुळे 2023 अखेर तो सुमारे 1040 कोटी पौंडांचा झाला. खड्ड्याची भरपाई मात्र आधीच दुसरीकडून सुरू झाली होती. 1 जानेवारी 1998 पासूनच्या सेवेचे पेन्शन कमिशनर्सनी द्यावयाचे नाही, त्यासाठी वेगळा निधी करावयाचा आणि त्यात धर्मग्रामांनी व प्रांतांनी भर घालावयाची, असे ठरले. रविवारच्या प्रार्थनेत थाळी फिरते, तिच्यात पडणाऱ्या नाण्यांचा काही भाग तेव्हापासून तिकडे जातो. ज्या वृद्ध पाद्र्याची सेवा त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे पसरलेली आहे, त्याच्या पेन्शनचे आजही दोन हिस्से असतात: एक जुन्या निधीतून येणारा, आणि दुसरा त्या थाळीतून.