एक्सेलच्या तक्त्यातील मूक चुका

विद्यार्थ्यांची माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरताना जन्मतारखेच्या रकान्यात कधी कधी #### अशी चिन्हे उमटतात. ती पाहून भरलेली तारीख शिक्षकांनी पुसू नये. रकाना अरुंद आहे, एवढाच त्या चिन्हांचा बहुधा अर्थ असतो. रकाना रुंद करताच तारीख दिसू लागते.

खरा धोका जेथे कोणतीही सूचना मिळत नाही तेथे असतो. बँकेचा खातेक्रमांक भरताच यंत्र त्यास बेरीज-वजाबाकीची संख्या समजते. संख्येचे पहिले १५ अंकच एक्सेल जपते. त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा अखेरचा अंक मुकाट्याने शून्य होतो, आणि क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळून पडतात.

यास्तव अंक भरण्यापूर्वीच रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा ठरवावा. मागाहून प्रकार बदलल्याने गेलेले अंक परत येत नाहीत. ते पुन्हा भरावे लागतात. यादी पाठविण्यापूर्वी एकाने पासबुकातून क्रमांक वाचावा व दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावा. एका अंकाच्या चुकीने बालकाच्या हक्काची शिष्यवृत्ती अडून राहते, हे सदैव ध्यानी असावे.