आधी वीस वर्षं पुरी कर

पुणे
2 फेब्रुवारी 2026

चि. मंदार,


तुझी मेल मिळाली. विमान कंपनीच्या भरती विभागाशी बोलणं झालं, ते तुला घ्यायला उत्सुक आहेत, हे वाचून बरं वाटलं. नवल मात्र वाटलं नाही. एएन-32 घेऊन जोरहाटहून अरुणाचलच्या दऱ्यांत उतरणारा माणूस कुणाला नको असेल? पण तुझी शेवटची ओळ काही पचली नाही: ‘जुलैची बॅच धरायची तर जूनअखेर सुटका मागावी लागेल, मागू ना?’

नको मागू.

तू डिसेंबर 2006 मध्ये हवाई दलात कमिशन झालास. अधिकाऱ्याच्या पेन्शनला लागणारी वीस वर्षं या डिसेंबरात भरतात. एनडीएची आणि दुंडिगलची प्रशिक्षणाची वर्षं त्यात धरत नाहीत, तेव्हा तिकडून काही महिने उसने मिळतील ही आशा सोड. जूनमध्ये बाहेर पडलास तर ग्रॅच्युइटी मिळेल, शिल्लक रजेचे पैसे मिळतील, तुझा स्वतःचा भविष्य निर्वाह निधी मिळेल आणि विषय संपला. वीस वर्षं भरून बाहेर पडलास तर मूळ वेतन आणि सैनिकी सेवा वेतन यांच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, तहहयात. तुझ्यामागे सायलीला कुटुंब निवृत्तिवेतन. दोघांच्या उपचारांसाठी ईसीएचएस, माजी सैनिकांची आरोग्य योजना. उड्डाण भत्ता पेन्शनच्या हिशेबात येत नाही, त्यामुळे आकडा तुला वाटतो त्यापेक्षा लहान निघेल. शिवाय स्वतःहून मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्याला आता ओआरओपी, म्हणजे ‘एक पद, एक पेन्शन’, नाही, हेही मनात धर. तरीसुद्धा सहा महिन्यांच्या घाईसाठी एवढं सोडून द्यायचं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं झालं.

मेसमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगेल, थोडी तूट असली तर माफ होते. त्याला म्हण, लेखी दे. आणि सेवेचा हिशेब मुख्यालयाकडून लेखीच मागव. बिनपगारी रजा घेतली असशील तर ते दिवस वजा होतात आणि वीस वर्षांची तारीख पुढे सरकते. डिसेंबरच्या नेमक्या कुठल्या तारखेला वर्षं भरतात ते बोटावर मोजायचं काम नाही.

हे मी का एवढं ताणून सांगते आहे ते तुला ठाऊक आहे. माझं कमिशन शॉर्ट सर्व्हिसचं, चौदा वर्षांचं. आम्हा मुलींना तेव्हा कायम कमिशन नव्हतंच, त्यामुळे पेन्शन घ्यावी की सोडावी हा प्रश्नच आला नाही. तारीख सरकारने ठरवलेली होती, त्या दिवशी गणवेश उतरवला. 2008च्या मंदीनंतरचे ते दिवस, भरती रडतखडत चाललेली. पहिला सिव्हिल पगार हातात पडेपर्यंत घर कसं चालवलं ते तुझ्या आईला विचार. दरमहा येणारी एक ठरलेली रक्कम नसली की माणूस नोकरी न सोडण्याच्या बाँडच्या कागदावर कशी झटकन सही करतो, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

आता तुझा मुद्दा. सीनियॉरिटी. तो खोटा नाही. विमान कंपनीत रुजू होण्याच्या तारखेवर पुष्कळ काही अडकलेलं असतं: बेस कुठला मिळणार, दिवाळीची रजा कुणाला, कमांडसाठी नाव कधी लागणार. जुलै ते जानेवारी या काळात जेवढे लोक येतील तेवढे तुझ्या पुढे बसतील आणि निवृत्तीपर्यंत पुढेच राहतील. पण तू एक्केचाळीसचा आहेस. वैमानिकाला पासष्टपर्यंत उडता येतं, म्हणजे चोवीस वर्षं हातात आहेत. एवढ्या पल्ल्यात एकदोन बॅच मागे राहिल्याचं दुःख पहिली दोन वर्षं होतं, मग माणूस विसरतो. तुझी सेवा बारा वर्षांची असती आणि वीस पुरी व्हायला आठ वर्षं असती, तर मी कदाचित उलट सांगितलं असतं. साडेएकोणिसाव्या वर्षी हा वादच नाही. आधी लगीन कोंढाण्याचं.

‘तोवर भरती थांबली तर?’ हाही प्रश्न येईलच. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांची घोषणा केली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 ची. ही विमानं एका वर्षात येऊन संपणारी नाहीत. दशकभर येत राहतील आणि प्रत्येक विमानामागे वैमानिकांच्या कितीतरी जोड्या लागतील. थांबूही शकते भरती, कोण नाही म्हणतं? जेट एअरवेजचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं, तेव्हा त्या कंपनीतल्या कित्येकांची सीनियॉरिटी दोन दशकांची होती. दुसऱ्या दिवशी ती कुणी विचारली नाही. गो फर्स्ट मे 2023 मध्ये अशीच जमिनीवर आली. मधल्या काळात कोविडने दोन महिने सगळ्यांचीच देशांतर्गत विमानं बांधून ठेवली होती. म्हणून तर म्हणते, ज्या गोष्टीला बाजार हात लावू शकत नाही ती आधी खिशात घाल.

तुझा ह्यूस्टनचा चुलतभाऊ तुला सांगेल की त्यांच्याकडे लष्करातली माणसं साठलेल्या रजेवर असतानाच विमान कंपनीत रुजू होतात. खरं आहे, तिकडे तशी सोय आहे. तुला ती नाही. रजेवर असलास तरी सुटका होईपर्यंत तू हवाई दलाच्या कायद्याखालीच आहेस. दुसऱ्याच्या पगारपत्रकावर नाव लागलं तर वीस वर्षांच्या सेवेवर शेवटच्या महिन्यात डाग. तिकडच्या गोष्टी ऐकून इकडची तारीख ठरवू नकोस.

मुदतपूर्व निवृत्ती हा हक्क नाही, मागणी आहे. वैमानिक कमी असले तर मुख्यालय नाही म्हणू शकतं किंवा पुढची तारीख देऊ शकतं. तेव्हा अर्ज आत्ताच टाक, आणि त्यात वीस वर्षं पूर्ण झाल्यानंतरची तारीख स्पष्ट लिही. कंपनीला आजच कळव की जुलै जमणार नाही, जानेवारी किंवा फेब्रुवारीची बॅच चालेल, आणि पक्की तारीख मंजुरीचं पत्र हातात आल्यावर देईन. ते पत्र येण्याआधी कशावरही सही नको. भरतीवाले आग्रह करतात, फोनवर फोन करतात, ‘सर, ही शेवटची बॅच आहे’ असंही म्हणतात. माझ्या आठवणीत शेवटची बॅच बऱ्याचदा येऊन गेली आहे.

जानेवारी-फेब्रुवारी मी उगाच म्हणत नाही. टाइप रेटिंगमध्ये, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणात, आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग परीक्षा, मग विमानावर प्रत्यक्ष उतरणं, आणि त्यानंतर प्रवासी घेऊन प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी लाइन ट्रेनिंग. उत्तरेतला धुक्याचा हंगाम 10 डिसेंबर ते 10 फेब्रुवारी असा धरतात. त्या काळात दिल्लीच्या फेऱ्यांवर धुक्यात उतरण्याचं प्रशिक्षण झालेली जोडी लागते, शिकाऊ माणसाचं नाव रोस्टरमधून पहिलं खाली येतं. जुलैच्या बॅचचं लाइन ट्रेनिंग नेमकं या धुक्यात सापडण्याची शक्यता मोठी. जानेवारीत वर्गात बसलास तर धुकं पुस्तकांत जाईल, मार्च-एप्रिलपर्यंत सिम्युलेटर आटोपेल आणि उन्हाळ्याच्या स्वच्छ हवेत तुला खरं विमान मिळेल. पावसाळ्यात मुंबई, मंगळूर, कोळिकोडला ओल्या धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरायची वेळ येईल तेव्हा एअरबस तुझ्या हातात थोडी तरी मुरलेली असेल. सगळं वेळापत्रकाबरहुकूम होत नाही, सिम्युलेटर बिघडतात, परीक्षक मिळत नाहीत. पण ऋतू आपल्या बाजूचा असलेला बरा.

मधले महिने रिकामे नाहीत. परवानगी घेऊन एटीपीएलचे, विमान कंपनीच्या वैमानिकाच्या परवान्याचे, राहिलेले पेपर दे. रेडिओ वापरण्याचा परवाना, आरटीआर, आता दूरसंचार खात्याकडे नाही, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, डीजीसीएकडे आहे. जुन्या मित्रांनी सांगितलेली पद्धत चालणार नाही, नवी बघून घे. सिव्हिलचं क्लास वन मेडिकल सगळ्यांत आधी. ते शेवटी ठेवायची लोकांना सवय असते आणि तिथेच घोडं अडतं. इतकी वर्षं टर्बोप्रॉपच्या कानठळ्यांत बसलेल्या माणसाचा ऑडिओग्राम काय सांगेल, सांगता येत नाही. साखर, रक्तदाब, वजन, यांत काही निघालंच तर दुरुस्तीला अवधी हवा, आणि ते राजीनाम्यानंतर कळण्यात काय हशील?

लॉगबुकाकडे नीट बघ. पहिल्या पानापासून. महिन्याच्या बेरजेखाली फ्लाइट कमांडरची सही आहे का, रात्रीचे तास, उपकरणांवरचे तास, कॅप्टन म्हणून केलेले तास वेगळे आहेत का, बदली झाली तेव्हा ‘मागील पानावरून’ आणलेला आकडा जुळतो का. एका ठिकाणी खाडाखोड निघाली तर त्या युनिटमध्ये आज कोण आहे, ते शोधून पत्रव्यवहार करावा लागतो. आत असताना ते काम एका फोनवर होतं. बाहेर पडल्यावर तेच गेटपासून सुरू होतं. आणि एक, सिव्हिलमध्ये विमान जागेवरून हललं तिथपासून तास मोजतात, आपल्याकडे हवेतले. हा फरक स्वतःच्या पेनाने भरून काढायचा मोह बऱ्याच जणांना होतो. प्रमाणित झाले तेवढेच तास तुझे.

आता जे लिहिणार आहे ते वाचून रागावू नकोस. तारीख ठरली की माणूस शरीराने स्क्वाड्रनमध्ये असतो आणि मनाने गुरुग्रामच्या सिम्युलेटरात. ऑफिसात बसणाऱ्याला हे परवडतं. मेचुकाच्या दरीत विमान वळवणाऱ्याला परवडत नाही. तिथे ढग खाली आले तर परत फिरायचा निर्णय कुठल्या वळणाआधी घ्यायचा, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. सकाळच्या ब्रीफिंगला डोक्यात एअरबसचे आकडे घोळत असतील तर फ्लाइट कमांडरला सांग, आज दुसऱ्याला पाठवा. त्यात कमीपणा नाही. पण शेवटचं वर्ष जमिनीवरच्या खुर्चीत काढायला मिळत असेल तर ती खुर्चीही घेऊ नकोस. वर्षभर हात न लावता सिम्युलेटरात गेलेला अनुभवी माणूस दोनशे तासांच्या मुलापेक्षा जास्त अडखळतो. उडत राहा, फक्त तिथेच राहून उड.

डिसेंबरात सुटका आणि जानेवारीत वर्ग, यांच्यामध्ये तीनेक आठवडे तरी ठेव. ते फिरायला नाहीत, झोपायला आहेत. सिम्युलेटर चोवीस तास चालतात आणि नव्या माणसाच्या वाट्याला रात्री दोनचा स्लॉट येतो. तुझ्या शेजारी बसणारा पोरगा तेवीस वर्षांचा असेल, प्रशिक्षक तुझ्याहून लहान असेल आणि तुला नावाने हाक मारेल. विंग कमांडर गेटवरच ठेवून आत जा. हाताची सवय मोडायला मात्र वेळ लागेल: एएन-32 मध्ये शक्ती वाढली की थ्रॉटल हाताखाली सरकलेला असतो, एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट लावला की लिव्हर जागच्या जागी राहतात आणि इंजिनं आपली वर-खाली होत असतात. पहिले काही दिवस तुझा तळहात उगाचच हालचाल शोधत राहील. नजर आकड्यांवर ठेवायची.

पैशांचं: प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार नसतो, काही ठिकाणी फक्त विद्यावेतन असतं. तुझी पेन्शन तोवर सुरू झाली तर उत्तम, पण पहिला हप्ता कागदपत्रांच्या फेऱ्यात अडकू शकतो. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेव. बाँड असेल तर त्याची मुदत रुजू झाल्यापासून मोजतात की लाइनवर सोडल्यापासून, ते आधी वाच. यात वर्षभराचा फरक पडू शकतो. आणि डीजीसीएच्या नियमाने सहवैमानिकाला नोकरी सोडायची तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कमांडरला वर्षाची. आत जाणं सोपं आहे, तेवढं बाहेर पडणं नाही.

ईराची वार्षिक परीक्षा मार्चमध्ये. तिला आणि सायलीला जानेवारीतच गुरुग्रामला ओढू नकोस. क्वार्टर काही काळ ठेवायची परवानगी वेळेवर माग, परीक्षा होऊ दे. तोवर बेस कुठला ते कळेल आणि शाळा एकदाच बदलावी लागेल. सायलीला या सगळ्यात विचारलंस ना? तुझ्या मेलमध्ये तिचं नाव कुठे दिसलं नाही.

अर्जाचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘कौटुंबिक अडचणी’ लिहून भागत नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, तू एकटा मुलगा आहेस, हे खरं आहे तसं लिही आणि डॉक्टरांचा कागद जोड. तो कागद ताईकडून मी या शनिवारी घेऊन येते आणि स्कॅन करून पाठवते.

तुझी
नीलूमावशी